वाचकांचे प्रश्न : देवगडचा क्लस्टर वाशीहून शोधताना

(या वेळचे सगळे प्रश्न वेगवेगळ्या गावी असलेले इलास्टिकसर्चचे क्लस्टर जोडण्याबद्दल आहेत. इलास्टिकसर्च म्हणजे नोंदी साठवून त्यांत शोधायचं सॉफ्टवेअर. ते चालवणारा प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड, आणि एकत्र काम करणाऱ्या नोड्सचा गट म्हणजे क्लस्टर. सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती टिंबं आणि अंडरस्कोअरसकट इंग्रजी लिपीत लिहावीत.)

प्रश्न : आमचं आंब्याचं पॅकहाउस देवगडला आणि विक्रीचं ऑफिस वाशीला. बाग, तोडणीची तारीख, पेट्या, वजन अशी प्रत्येक लॉटची नोंद देवगडच्या तीन नोडच्या क्लस्टरमध्ये असते. ती वाशीहून शोधता यावी म्हणून वाशीच्या क्लस्टरमध्ये देवगडच्या राउटरचा पब्लिक पत्ता ‘सीड्स’मध्ये दिला. पोर्ट ९३०० उघडा आहे, टेलनेटने बघितलं. तरी ‘_रिमोट/इन्फो’ (जोडणीची स्थिती सांगणारी विनंती) विचारलं की ‘कनेक्टेड : फॉल्स’. असं का?

उत्तर : वाशीच्या नोडचा लॉग उघडा आणि कनेक्शन फसल्याच्या ओळीत कोणता पत्ता आहे तेवढा वाचा. तुम्ही दिलेला पब्लिक पत्ता तिथे दिसणार नाही. १९२.१६८.१.२१:९३०० किंवा डॉकर वापरत असाल तर १७२.१७.०.३:९३०० असं काहीतरी दिसेल, आणि पुढे ३० सेकंदांचा टाइमआउट. सगळं दुखणं या एका पत्त्यात आहे.

मोड सांगितला नाही तर रिमोट जोडणी ‘स्निफ’ मोडमध्ये चालते. यात सीडचा पत्ता फक्त दार ठोठावण्यापुरता असतो. वाशीचा नोड त्या दारात जातो, देवगडकडून तिथल्या नोड्सची यादी घेतो आणि त्यातले काही (वेगळं सांगितलं नाही तर ३) गेटवे म्हणून निवडतो. फक्त मास्टरचं (क्लस्टर सांभाळण्याचं) काम करणारे नोड यातून वगळले जातात. मग तो प्रत्येक गेटवेला त्याच्या ‘पब्लिश’ पत्त्यावर (नोड स्वतःचा म्हणून सांगतो त्या पत्त्यावर) थेट गाठायला जातो. देवगडच्या नोड्सचे पब्लिश पत्ते घरातल्या नेटवर्कचे आहेत. वाशीहून ते दिसणं शक्यच नाही. टेलनेट यशस्वी झालं कारण त्याने फक्त पहिलं दार तपासलं.

उपाय दोन. दोन्ही ऑफिसांमध्ये व्हीपीएन असेल आणि वाशीहून देवगडचा प्रत्येक नोड स्वतंत्रपणे गाठता येत असेल तर स्निफ ठेवा आणि ‘ट्रान्सपोर्ट.पब्लिश_होस्ट’मध्ये व्हीपीएनवरचा पत्ता द्या. मात्र हाच पत्ता देवगडचे नोड आपसात बोलायलाही वापरतात. तो आतून पोचत नसेल तर वाशी जोडताना देवगडचा क्लस्टरच मोडेल. आधी तिन्ही नोडवरून एकमेकांचा नवा पत्ता तपासा आणि मगच बदल करा.

राउटरवर एकच पब्लिक पत्ता असेल तर सरळ ‘प्रॉक्सी’ मोड घ्या. यात यादी मागवली जात नाही. वाशीचा प्रत्येक नोड एकाच पत्त्यावर (वेगळं सांगितलं नाही तर १८) सॉकेट, म्हणजे जोडण्या, उघडतो, आणि ती कोणत्या नोडकडे जायची ते मधला प्रॉक्सी ठरवतो. वाशीच्या क्लस्टर सेटिंग्जमध्ये एकाच विनंतीत तीन गोष्टी पाठवा : ‘क्लस्टर.रिमोट.देवगड.मोड’ला ‘प्रॉक्सी’, ‘प्रॉक्सी_ॲड्रेस’ला पत्ता आणि पोर्ट, आणि ‘सीड्स’ला ‘नल’. बरेच जण हे नल विसरतात. प्रॉक्सी मोडमध्ये सीड्स चालत नाहीत, त्यामुळे विनंती नाकारली जाते आणि पत्ताच चुकला असं वाटत राहतं.

देवगडच्या बाजूला मधे जे ठेवाल ते टीसीपी पातळीवरचं हवं : एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये, किंवा एनजिनएक्सचं ‘स्ट्रीम’ मॉड्यूल. वेबसाइटसाठी लावलेला नेहमीचा रिव्हर्स प्रॉक्सी इथे उपयोगाचा नाही. नोड एकमेकांशी एचटीटीपीमध्ये बोलतच नाहीत.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. वाशीच्या नोड्सना ‘नोड.रोल्स’ हाताने दिले असतील तर त्यात ‘रिमोट_क्लस्टर_क्लायंट’ हवाच. तो नसलेला नोड रिमोट शोध करू शकत नाही. आणि जोडणी एकतर्फी असते. वाशीला देवगड दिसू लागलं म्हणून देवगडला वाशी दिसत नाही. तेही हवं असेल तर तीच मांडणी देवगडच्या बाजूने वेगळी करा.

प्रश्न : मालवणच्या शाखेची जोडणी दिवसभर नीट चालते. रात्रभर कोणी वापरत नाही. सकाळचा पहिला शोध मात्र लटकतो, कधी कधी पंधरा मिनिटं. नंतर सगळं आपोआप सुरळीत. मधे एचएप्रॉक्सी आहे.

उत्तर : पंधरा मिनिटांवरूनच कारण कळतं. रात्री रिकाम्या पडलेल्या जोडण्या वाटेतल्या फायरवॉलने किंवा राउटरने गुपचूप टाकून दिल्या, दोन्ही टोकांना कळवलं नाही. सकाळी तुमचा नोड जुन्याच जोडणीवर प्रश्न पाठवतो, उत्तर येत नाही, म्हणून लिनक्स तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. असे प्रयत्न, सेटिंग बदललं नसेल तर, १५ वेळा होतात आणि त्यांत ९०० सेकंदांहून जास्त जातात. मग कुठे जोडणी मेली असं ठरतं आणि नवी उघडली जाते.

प्रत्येक नोडवर लिनक्सचं ‘नेट.आयपीव्ही४.टीसीपी_रिट्राइज२’ हे सेटिंग ५ करा. मेलेली जोडणी सहाएक सेकंदांत लक्षात येते. इलास्टिकच्या मार्गदर्शनातही हाच आकडा आहे, आणि क्लस्टर एकाच खोलीत असला तरी तो लावून ठेवण्यासारखा आहे.

पण यामुळे जोडणी तुटायची थांबत नाही. त्यासाठी ती जागती ठेवावी लागते. टीसीपी कीपअलाइव्ह (रिकाम्या जोडणीवर अधूनमधून दिलेली हाक) आधीपासून चालू असतं, पण तुमच्याकडे मधे एचएप्रॉक्सी आहे. तिथे एक टीसीपी जोडणी संपते आणि दुसरी सुरू होते. नोडची हाक प्रॉक्सीपर्यंतच पोचते, पलीकडे जात नाही. शिवाय अशा रिकाम्या हाकांना प्रॉक्सी काम मानत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा टाइमआउटही मोजला जातच राहतो. म्हणून खुद्द इलास्टिकसर्चचा पिंग लावा : ‘क्लस्टर.रिमोट.मालवण.ट्रान्सपोर्ट.पिंग_शेड्यूल’ला ३० सेकंद. हा पिंग खरा डेटा म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. प्रॉक्सीचे क्लायंट आणि सर्व्हर टाइमआउट मात्र याहून बरेच मोठे ठेवा.

प्रश्न : गुहागरची लाइन पावसात वारंवार जाते. ती गेली की रत्नागिरीहून केलेला सगळाच शोध एरर देतो, बाकीच्या शाखांचे निकालसुद्धा येत नाहीत.

उत्तर : ‘स्किप_अनअव्हेलेबल’ (बंद असलेला क्लस्टर वगळून पुढे जा) हे सेटिंग ‘ट्रू’ करा. इलास्टिकसर्चच्या ८.१५ आवृत्तीपासून ते आपोआप ट्रू असतं, त्याआधी फॉल्स होतं. तुमची आवृत्ती जुनी दिसते.

हे केल्यावर एक जबाबदारी येते. गुहागर बंद असताना शोध यशस्वी दिसेल, पण त्यात गुहागरचा माल नसेल. उत्तरात ‘_क्लस्टर्स’ नावाचा भाग येतो, त्यात ‘स्किप्ड’ किती ते लिहिलेलं असतं. तो आकडा शून्याहून जास्त असेल तर ‘गुहागरची माहिती आत्ता उपलब्ध नाही’ असं स्क्रीनवर ठळक दाखवा. नाहीतर माल शिल्लक असताना संपला म्हणून ग्राहकाला सांगितलं जाईल.

प्रश्न : रिमोट जोडणीत ओळख पटवायला सर्टिफिकेट वापरावं, का ‘एपीआय की’ (परवानगीची गुप्त किल्ली)? आमचे दोन्ही क्लस्टर ८.१४ च्या पुढचे आहेत.

उत्तर : एपीआय की. सर्टिफिकेटच्या पद्धतीत दोन्ही क्लस्टर एकमेकांच्या सर्टिफिकेट अथॉरिटीवर (सर्टिफिकेट देणाऱ्यावर) पूर्ण विश्वास टाकतात, आणि वापरणाऱ्याचा रोल (परवानग्यांचा संच) त्याच नावाने पलीकडेही बनवावा लागतो. एपीआय कीमध्ये कोणते इंडेक्स (नोंदींचे संच) दिसावेत हे पलीकडचा क्लस्टर स्वतः ठरवतो. शाखेचे हिशेब झाकून फक्त लॉटची नोंद उघडी ठेवायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

क्रम असा. ज्याच्यात शोधायचं त्या क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर ‘रिमोट_क्लस्टर_सर्व्हर.एनेबल्ड’ ट्रू करा, रिमोट जोडणीच्या ९४४३ पोर्टसाठी टीएलएसचं (जोडणी गुप्त ठेवणारं) सर्टिफिकेट द्या आणि नोड रीस्टार्ट करा. मग तिथेच क्रॉस-क्लस्टर एपीआय की बनवा. साधी एपीआय की इथे चालत नाही. मिळालेली ‘एन्कोडेड’ किंमत शोधणाऱ्या क्लस्टरच्या प्रत्येक नोडच्या कीस्टोअरमध्ये (गुप्त सेटिंग्जच्या साठ्यात) ‘क्लस्टर.रिमोट.<नाव>.क्रेडेन्शियल्स’ या नावाने घाला. एकाच नोडवर घातली तर शोध कधी चालतो, कधी नाही. पलीकडच्या सर्टिफिकेट अथॉरिटीची फाइलही याच नोड्सना द्या, आणि जोडणी त्यानंतर मांडा. पोर्ट ९४४३ लिहा. सवयीने ९३०० लिहिलं जातं आणि टीएलएसची एरर येते. शेवटी वापरणाऱ्याच्या रोलमध्ये ‘रिमोट_इंडायसेस’ची परवानगी जोडा. ती नसेल तर ‘_रिमोट/इन्फो’ ‘कनेक्टेड : ट्रू’ म्हणेल आणि शोध मात्र नाकारला जाईल.

प्रश्न : चिपळूणचा क्लस्टर पुण्याहून शोधता येतो. म्हणजे पुण्यात बॅकअप आहे असं धरायचं का?

उत्तर : नाही. शोधाचा प्रश्न चिपळूणला जातो आणि फक्त निकाल परत येतो. डेटा चिपळूणलाच राहतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तसं पुन्हा शिरलं तर पुण्याच्या हाती काही उरणार नाही. पुण्यात जिवंत प्रत हवी असेल तर क्रॉस-क्लस्टर रेप्लिकेशन लागतं. सर्टिफिकेटने जोडलेला रिमोट शोध फुकट परवान्यात चालतो, रेप्लिकेशनला (आणि एपीआय कीच्या जोडणीलाही) मात्र वरच्या श्रेणीचा परवाना लागतो. तो नसेल तर चिपळूणबाहेरच्या साठ्यावर रोज रात्री स्नॅपशॉट घ्या, आणि त्यातला एखादा इंडेक्स पुण्याच्या क्लस्टरवर रिस्टोअर करून बघा. हे काम मेअखेरीपर्यंत उरकून घ्या.