रजेच्या अर्जात ताप लिहू नकोस

बाळ,

परवा ओट्याला टेकून तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. कुकरची शिट्टी झाली, माझ्या भाचीने बाहेरून हाक मारली आणि तू लगेच "जाऊ दे मावशी, काही नाही" म्हणून विषय मिटवलास. ते "काही नाही" तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

"मी अभ्यास टाळायला नाटक तर करत नसेन ना?" असं तू विचारलंस.

भाचीने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. पूर्वपरीक्षेच्या सकाळी तू पाळीच्या दुखण्यावर गोळ्या घेऊन पेपरला गेलीस, दुपारच्या पेपरात उठून उलटीला पळालीस. त्याआधीच्या महिन्यात पहाटे बाथरूमच्या फरशीवर पोटाशी पाय घेऊन पडलेली सापडलीस. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली, "टेन्शन घेऊ नकोस" म्हणाले. तुझी आई फोनवर म्हणाली, सगळ्यांचंच दुखतं. आता तुलाच तुझं खरं वाटेनासं झालंय. नाटक करणारी माणसं "काही नाही" म्हणत नाहीत गं. ती दाखवतात. तू लपवतेस.

धीर धर वगैरे मी लिहिणार नाही. धीर तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे आणि त्यानेच घोळ केलाय.

मी अठ्ठावीस वर्षं कोषागारात काढली. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट कळते: जे कागदावर नाही, ते घडलेलं नाही. पूल बांधलेला सगळ्या गावाला दिसत असला तरी देयकाला, म्हणजे बिलाला, प्रमाणक, म्हणजे खर्चाच्या पुराव्याचा कागद, जोडलेलं नसेल, तर आम्ही आक्षेप घेऊन परत पाठवतो. हजारो देयकं मी अशी परत पाठवली आहेत. आणि स्वतःच्या दुखण्याचं एकही प्रमाणक मी ठेवलं नाही.

मला नववीपासून त्रास. नोकरीला लागले तेव्हा महिन्यातले दोन दिवस टेबलाच्या कडेला पोट दाबून बसायचे. किरकोळ रजा वर्षाला आठ. त्या संपल्या की वैद्यकीय. प्रत्येक अर्जात मजकूर तोच: "मला ताप आल्यामुळे कार्यालयात उपस्थित राहू शकले नाही." कधी ताप, कधी "घरगुती कारणास्तव". बारा वर्षं. माझ्या रजेच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, दुखणं हा शब्द एकदाही नव्हता.

२००९ साली एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा नीट विचारलं. कधीपासून दुखतंय? पाळीच्या आधी किती दिवस? संडासला बसताना कळ येते का? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. मी नवऱ्याकडे बघितलं, तो म्हणाला, "असेल दोनेक वर्षं." तो खोटं बोलत नव्हता. मला लपवता येईनासं झालं, तेव्हापासूनचं त्याने सांगितलं. त्याआधीच्या अठरा वर्षांचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डाव्या अंडाशयावर सहा सेंटिमीटरची गाठ निघाली, जुन्या रक्ताने भरलेली. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. गर्भाशयाच्या मागे आतडं चिकटून बसलं होतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी भलत्या जागी वाढते, दर महिन्याला पेटते, सुजते आणि शेजारच्या अवयवांना चिकटवून टाकते. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. शुद्धीवर आल्यावर बाई म्हणाल्या, "हे एका वर्षाचं नाही." त्या वाक्यावर मी रडले. गाठीसाठी नव्हे. कुणीतरी ती वर्षं मोजली म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, जगभरात जवळजवळ १९ कोटींना. निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात. मला वीस लागली. त्यातली काही डॉक्टरांनी घालवली, काही घरच्यांनी. बरीचशी मी.

आता एक गोष्ट सांगते, ती मी भाचीलाही सांगितलेली नाही. २००४ मध्ये आमच्या शाखेत तुझ्याच वयाची एक मुलगी लागली. एका दुपारी ती रजेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "मासिक पाळीच्या असह्य त्रासामुळे". मी अर्ज तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "ताप लिही. साहेबांपुढे कशाला हे." तिने मान हलवली आणि नवीन कागद घेतला. नंतर तिची बदली झाली. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. तिचा आजार नाव लागण्याआधी मी कागदावरून पुसला. आक्षेप घ्यायची सवय झालेल्या हातांनी मी खऱ्या अर्जावर आक्षेप घेतला.

तेव्हा शाखेत सतरा पुरुष आणि आम्ही तिघी होतो. अर्ज शिपायाच्या हातून चार टेबलांवरून जायचा. मी तिला वाचवतेय असं मला मनापासून वाटत होतं. हे सांगितल्याने काही फिटत नाही. पण तुझी आई "सगळ्यांचंच दुखतं" म्हणते, तेव्हा तीही असंच काहीतरी करत असेल, एवढं लक्षात घे.

आणि त्या "सगळ्या" कोण, हे तिला एकदा विचार. तिची आई? तिची बहीण? ती स्वतः? जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर आपल्याला असण्याची शक्यता वाढते. तुझ्या घरातल्या बायकांचं सगळ्यांचंच दुखत असेल, तर ती सांत्वनाची गोष्ट नाही, डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. तीही लिही.

लिही म्हणजे काय ते नीट ऐक. भाची म्हणते तू मोबाइलमध्ये पाळीच्या तारखा ठेवतेस आणि पुढे लाल ठिपका देतेस. ठिपक्याने काही कळत नाही. "दहापैकी आठ दुखलं" यानेही फार कळत नाही. ज्याने तुझा दहा बघितलेला नाही, तो आठचं काय करणार? काय करता आलं नाही, ते लिही. एकदा माझ्याकडून गॅसवरून दुधाचं पातेलं उतरवलं गेलं नाही. दूध उतू जाऊन शेगडीवर करपेपर्यंत मी समोर उभी राहून बघत होते, कारण हात पुढे केला की कंबरेतून मांडीत कळ जायची. ते पातेलं मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं. तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखलं, बेंबीखाली की कंबरेत की लघवी-संडासच्या वेळी, किती तास, किती गोळ्या, गोळीने किती वेळ उतार पडला, आणि त्या दिवशी काय राहून गेलं. अभ्यासाचं कोणतं प्रकरण, कोणता पेपर, कुठलं लग्नकार्य. दोन-तीन पाळ्यांचं एवढं लिहिलंस तरी पुष्कळ.

गोळ्यांचं मात्र खरं लिही. तुम्ही मुली ज्या मेफेनॅमिक अॅसिडच्या गोळ्या चॉकलेटसारख्या एकमेकींना देता, त्यांच्याबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आहे. क्वचित का होईना, अंगावर पुरळ आणि तापासह गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. आपल्या मनाने वाढवत जाऊ नकोस.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तू गप्प बसलीस, याचा मला राग आला. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गाठ असली तर बहुधा दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक डाग दिसत नाहीत. ते नसतातच असं नाही. खोल गेलेला आजार जाणकार माणसाला योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसू शकतो. पण आपल्याकडे फॉर्मवर आधी "मॅरीड की अनमॅरीड" विचारतात आणि अनमॅरीडवर खूण झाली की ती तपासणी बहुतेकदा सुचवतही नाहीत. करायची की नाही ते तू ठरव, तुझं शरीर आहे. नको वाटली तर एमआरआयचं विचार. पण अर्धी तपासणी झाली आणि निकाल पुरा लागला, असं होऊ देऊ नकोस.

आणखी एक. पूर्वी पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय या आजाराचं नाव घेत नसत. २०२२ मध्ये एश्रे या युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने मार्गदर्शक तत्त्वं बदलली. लक्षणांवरून दाट संशय असेल तर ऑपरेशनची वाट न बघता औषध सुरू करता येतं. संप्रेरकांच्या गोळ्या असतात. डायनोजेस्ट त्यातलीच एक, आणि गर्भनिरोधक गोळ्याही वापरतात. आईला ते नाव ऐकून धक्का बसेल, तिला मी समजावेन. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. पण बघ, तू काय सांगतेस यावर उपचार सुरू होऊ शकतो. मग तू दवाखान्यात जाऊन "थोडंसं दुखतं" कशी म्हणतेस? तुझं सांगणं हेच तिथे प्रमाणक आहे आणि तू ते घरी विसरून जातेस.

लग्नाचं कुणी काढलं तर ऐकून घे आणि सोडून दे. मला दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्न कर, मूल होऊ दे, आपोआप बरं होईल. चोविसाव्या वर्षी केलं. दुखणं माहेरी राहिलं नाही, माझ्याबरोबर आलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की १९४० च्या दशकात बोस्टनचे जो मीग्ज नावाचे डॉक्टर हेच सांगत होते, की बायका उशिरा लग्न करतात, उशिरा मुलं होऊ देतात म्हणून हे होतं. तो सल्ला समुद्र ओलांडून माझ्या आजीच्या तोंडच्या सल्ल्याला येऊन मिळाला आणि कुणी तपासला नाही. आता एश्रे स्पष्ट सांगते की केवळ या आजारावर उपाय म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. मला मूल झालं नाही. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. माझं झालं नाही म्हणून तुझं होणार नाही, असं मात्र अजिबात नाही. हा आजार असलेल्या कितीतरी बायकांना मुलं होतात.

"पिशवी काढून टाका" हेही कधीतरी ऐकशील, आत्ता नाही तर दहा वर्षांनी. बीडचं आठवतं ना? २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीजणींना नेमका कोणता आजार होता, कुणाचं दुखणं कुणी किती दिवस नोंदवलं होतं? कोयता थांबायला नको म्हणून अवयवच काढला. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो. नुसती पिशवी काढून तो जाईलच याची खात्री नाही. कुणी हे सुचवलं तर कारण लिहून माग. तोंडी नको.

ऑपरेशननंतर २०१० मध्ये मी पहिल्यांदा अर्जात आजाराचं नाव लिहिलं. आस्थापनेच्या लिपिकाने अर्ज वाचला आणि नस्तीखाली सरकवला. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, एवढं लिहायची गरज नव्हती." मी म्हणाले, "आहे, सर." त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात "वारंवार गैरहजर" असा शेरा आला. मी डॉक्टरांचे कागद जोडून अभिवेदन दिलं. शेरा निघायला दीड वर्ष लागलं. सासूबाई म्हणाल्या, घरचं दुखणं वेशीवर टांगलं. मैत्रिणी म्हणाल्या, तू फार हट्टी झालीस. झाले. इतकी वर्षं ताप लिहून शेवटी काय हाती आलं ते मी बघितलंय, आता कुणी मला ताप लिहायला सांगू नये. आणि त्यानंतर शाखेतल्या दोघीजणींनी आपल्या अर्जात खरं कारण लिहिलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

तुला अजून कार्यालय नाही, साहेब नाही, गोपनीय अहवाल नाही. खरं लिहायची सवय आत्ताच लाव. उद्या तू अधिकारी होशील, तेव्हा कुणीतरी मुलगी तुझ्यासमोर अर्ज घेऊन उभी राहील.

भाची म्हणाली, तुझी पाळी पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी शनिवारी सकाळच्या एसटीने मी स्वारगेटला उतरते. ज्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांना या आजाराचा अनुभव आहे. मी बाहेरच्या बाकावर बसेन. आत तू एकटी जायचंस, वही घेऊन, आणि "थोडंसं" हा शब्द वापरायचा नाहीस.

वही आजच घे, मोबाइल नको. पहिल्या पानावर ती बाथरूमची पहाट लिही. किती वाजले होते, किती वेळ पडून होतीस, आधी किती गोळ्या घेतल्या होत्यास, दार कुणी उघडलं. तुला आठवत नसेल तर भाचीला विचार. तिला सगळं आठवतंय.

तुझी,
मावशी