पोल व्हॉल्ट आणि भालाफेक, दोन्ही एकत्र सुरू करताना

पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधाराने मारायची उंच उडी) आणि भालाफेक एकत्र जमतील का, असं विचारलंस ना? जमतात, बिनधास्त कर. डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दोन दिवस चालणाऱ्या दहा प्रकारांच्या स्पर्धेत, दुसऱ्या दिवशी पोल व्हॉल्टनंतर भालाफेकच असते.

फक्त एक लक्षात ठेव. तू उजव्या हाताचा असशील, तर व्हॉल्टमध्ये उजवा हात वर आणि उडी डाव्या पायावर. भाला उजव्या हाताने आणि फेकताना धाव अडवायला शेवटी रोवायचा पाय पुन्हा डावाच. म्हणजे तोच खांदा, तोच घोटा, तोच गुडघा दोन्हीकडे झिजतो. म्हणून जोराची फेक आणि पूर्ण धावेची उडी एकाच दिवशी नको, सलग दोन दिवसही नको.

सुरुवातीला एवढंच:

- पोलवर लिहिलेलं वजन (तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते) तुझ्या वजनापेक्षा कमी असेल तर तो पोल उचलूच नकोस. मित्राचा असला तरी नाही!
- पोल वाकवायची घाई नको. छोटी धाव, सरळ पोल, गादीच्या मधोमध उतरणं.
- भाला आधी उभ्याने, मग तीन पावलांनी. फेकताना कोपर खांद्याखाली नको.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी फेक बंद, आणि प्रशिक्षकांना लगेच सांग. पूर्ण धावेचं पुढे बघू.