वाचकांचे प्रश्न : औषध ठाऊक आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न : प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर गर्भाशय आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन आहे, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे. सूचनांचा तक्ता भिंतीवर असतो. तरीही बायका दगावतात. मग आणखी संशोधनाने काय साधणार?
– एक परिचारिका

उत्तर : असलेली औषधं वेळेत का पोचत नाहीत, हाही संशोधनाचाच विषय आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. नेहमीच्या पद्धतीत रक्त नजरेने मोजतात आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. त्यामुळे तिथे जवळपास निम्मे रक्तस्राव ओळखलेच गेले नाहीत. मापाच्या खुणांची पिशवी असलेली चादर वापरली तिथे ९३ टक्के ओळखले गेले.

गर्भजल मिसळू नये म्हणून ही चादर बाळ बाहेर आल्यावर लगेच कमरेखाली सरकवा आणि तासभर काढू नका. दर १५ मिनिटांनी रक्त, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा घट्टपणा नोंदवा. ५०० मिलिलिटर झालं, किंवा ३०० झालं आणि सोबत एखादी नोंद बिघडली, की पुढचं सगळं १५ मिनिटांत: गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन १० युनिट सलाइनमधून, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत, शिवाय वेगळं सलाइन. मूत्राशय रिकामं करा; वार पूर्ण पडली का, कुठे फाटलं आहे का, ते पाहा. थांबत नसेल तर लगेच वरिष्ठांना बोलवा.

एक उपाय करून त्याचा परिणाम पाहत बसायचं आणि मग दुसरा करायचा, यातच वेळ जातो. ट्रॅनेक्झॅमिकचा फायदा दर १५ मिनिटांच्या उशिराने साधारण १० टक्क्यांनी घटतो आणि तीन तासांनंतर उरत नाही. म्हणून ते शस्त्रक्रियागृहाच्या कुलपात नको, प्रसूतीच्या खोलीतल्या ट्रॉलीतच हवं. ऑक्सिटोसिन मात्र फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत. उष्णतेने त्याची ताकद जाते.

चाचणीत तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. ही घट मुख्यतः एक लिटरहून अधिक रक्तस्रावातली आहे, हे लक्षात ठेवा. चाचणी योनिमार्गे प्रसूतीपुरती होती. सिझेरियनला हे आकडे लावू नका.

प्रश्न : परदेशातला निष्कर्ष आपल्याकडे लागू पडेल, हे कसं ओळखायचं?

उत्तर : देशाचं नाव बाजूला ठेवा, परिस्थिती जुळते का ते बघा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं पक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइड देतात. सहा देशांतल्या २०१५च्या चाचणीत त्याचा प्रसार केल्यावर एकूण नवजात मृत्यू वाढले. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायकांची प्रसूती पूर्ण दिवसांनी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे नक्की केले होते आणि बाळांची देखभाल होऊ शकेल अशीच रुग्णालयं घेतली होती. तिथे मृत्यू घटले. या चाचणीतही भारत, पाकिस्तान आणि केनिया होतेच. तेव्हा आधी विचारा: गर्भाचे आठवडे खात्रीने कळतात का, आईला संसर्ग नाही ना, प्रसूती येत्या सात दिवसांत होईल असं दिसतं का, बाळाला श्वासाचा आधार देता येईल का? एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर इंजेक्शनची घाई नको. वेळ असेल तर आईला सोय असलेल्या ठिकाणी हलवा.