साडेचार वर्षांचे मूल वहीला हात लावत नाही, तेव्हा

मे महिन्याच्या अखेरीस दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून एक आई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना घेऊन मुलाच्या लिहिण्याबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे आल्या. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बसताक्षणी त्यांनी पिशवीतून तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. पहिलीत ठिपक्यांवरून 'अ' गिरवलेली चार पाने होती, दुसरीत इंग्रजी अक्षरांची दोन होती आणि तिसरी पूर्ण कोरी होती. "मॅडम, शेजारचा मुलगा याच्याच वयाचा आहे, तो पन्नासपर्यंत आकडे काढतो. हा वही बघितली की पोट दुखतं म्हणतो. जूनमध्ये मोठ्या शिशूत घालायचाय. मागे तर पडणार नाही ना?" मुलाचे वडील मासेमारीच्या बोटीवर असतात, घरी खेळणी फारशी नाहीत आणि ऑनलाइन मिळणारा खेळांचा संच परवडत नाही, हेही त्यांनी मान खाली घालून सांगितले.

हा प्रश्न मी दर उन्हाळ्यात ऐकते आणि दर वेळी मला आधी मुलाकडे पाहावेसे वाटते. आमचे बोलणे चालू असताना तो माझ्या खोलीतल्या शिंपल्यांच्या टोपलीशी जाऊन बसला होता. खुबे एका बाजूला, तिसऱ्या नावाच्या शिंपल्या दुसऱ्या बाजूला, फुटक्या वेगळ्या अशी वाटणी करताना तो आजीला सांगत होता की ही मोठी शिंपली म्हणजे बाबांची होडी, ही लहान तिच्या मागे चालली आहे आणि आता वारा सुटणार आहे. गोष्टीला सुरुवात होती, क्रम होता, पुढे काय होणार याची उत्सुकता होती. मग मी त्याच्या हाती कपडे वाळत घालण्याचा चिमटा दिला. तो उघडायला त्याला दोन्ही हात लागले, आणि तिसऱ्या चिमट्याला त्याने हात झटकला. मला हवे होते ते उत्तर तिथे मिळाले. भाषा त्याच्याकडे भरपूर होती. बोटांत अजून बळ आले नव्हते, आणि त्या बोटांकडून रोज अर्धा तास गिरवून घेतले जात होते. त्याचे पोट खरोखरच दुखत असणार, असे मी आईंना सांगितले.

आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू कठीण होत जातात. साडेचार वर्षांच्या मुलात ती सगळी तयार झालेली नसतात. आकार काढण्यालाही एक क्रम असतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढते, चौथ्याच्या आसपास अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. देवनागरीतले एखादे अक्षर म्हणजे गाठ, वळण, उभा दंड आणि वर शिरोरेषा, इतके सगळे एका जागी बसवण्याचे काम आहे. ज्याला तिरकी रेघ अजून जमत नाही त्याच्याकडून 'अ' मागणे ही घाई आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत शिक्षणाचा एकच टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे.

आजींना हे पटले नव्हते. "मग काय कणीक मळायला शाळेत धाडायचा?" त्यांनी सरळ विचारले. मी त्यांना विचारले की तुमचे वडील लिहायला कशावर शिकले. "धूळपाटीवर," त्या म्हणाल्या आणि क्षणभर गप्प झाल्या. धुळाक्षरे हा शब्द आपल्या भाषेत अजून आहे, कारण पूर्वी अक्षर आधी धुळीत बोटाने उमटत असे आणि बोरू नंतर हातात येई. चुकले तर तळहात फिरवला की पुसले जाई. खोडलेल्याची खूण मागे राहत नसे. आजींच्या अंगणापासून पाच मिनिटांवर, ओहोटीला, हर्णैपर्यंत पसरलेली केवढी मोठी धूळपाटी होती!

म्हणून पहिले दोन महिने वह्या कपाटात ठेवायच्या, एवढेच आमचे ठरले. ओल्या वाळूत काठीने पूर्ण हात फिरवून लाटा, भोवरे, डोंगर काढायचे. पावसात घरी बसावे लागले की ताटात रवा किंवा तांदळाचे पीठ पसरून तेच बोटाने काढायचे. जुन्या वर्तमानपत्राचे बोटांनी तुकडे करायचे, मैद्याची खळ शिजवून ते पुठ्ठ्यावर माशाच्या आकारात चिकटवायचे. कात्री नंतर, आणि तीही बोथट टोकाची. बकुळीच्या फुलाला मधोमध छिद्र असते, त्यामुळे ती माडाच्या हिरात, म्हणजे पातीच्या मधल्या काडीत, सुईवाचून ओवता येतात आणि साडेचार वर्षांच्या बोटांना ते काम अगदी नेमके पुरते. आईंनी मोदकांसाठी उकड काढली की त्यातला गोळा त्याला द्यायचा. उकडीची सुरळी वळून तिचे टोक मुडपले की गाठ होते, आणि ग, म, भ, न या चारही अक्षरांत तशीच गाठ आहे. मुळाक्षरे 'अ'पासूनच सुरू करावी लागतात असे नाही. आकाराने जवळची अक्षरे एकत्र घेतली तर हाताला ती लवकर सापडतात, म्हणूनच अनेक शाळांत ग, म, भ, न आधी येतात.

येथे दोन गोष्टी मी कळकळीने सांगते. ओवण्यासाठी किंवा मोजण्यासाठी गुंजा देऊ नयेत. त्या दिसायला मोहक असल्या तरी त्यांचे बी विषारी असते. कच्च्या काजूबियाही नकोत, कारण त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर चिंचोकेसुद्धा वर ठेवावेत, ते घशात अडकू शकतात.

कानांचे काम मी आजींकडे सोपवले, आणि या कुटुंबाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला असे मला वाटते. वाचायला शिकण्यापूर्वी मुलाला हे कळावे लागते की शब्द आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला असतो. आजींनी आयुष्यभर मासे विकले होते. त्यांना मी माशांच्या नावांवर टाळ्या वाजवायला सांगितल्या : मां-दे-ली, तीन टाळ्या, मो-री, दोन. 'तारली'ला त्या थांबल्या. लिहिताना तीन अक्षरे, पण बोलताना आपण तार-ली म्हणतो. आईंना तीनच बरोबर वाटत होत्या. या वयात कानाला जे ऐकू येते ते खरे मानावे आणि दोन टाळ्या घ्याव्यात, असे मी सुचवले. मग 'म'ने सुरू होणारे मासे कोण सांगतो, असे विचारताच आजींनी मांदेली, मोरी, मुडदुशी, माकूल अशी चार नावे एका दमात घेतली. मुलगा ओरडला, "आणि मासा!" वह्या पाहून पोट दुखणारा तो हाच मुलगा होता.

जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे वडील घरी होते. ते जाळी दुरुस्त करत असताना मुलाला जाड दोरीच्या गाठी मारायला बसवावे, असे मी फोनवर सांगितले होते. त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेले नाव ते मुलाला रोज बोट फिरवून दाखवू लागले. त्या नावाचे पहिले अक्षर 'म' होते. अशा रीतीने त्याने ओळखलेले पहिले अक्षर हातभर उंच आणि निळ्या रंगाचे होते.

जुलैत आईंनी विचारलेला प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जुन्या कॅलेंडरची पाने उलटी दुमडून, दोऱ्याने शिवून त्यांनी एक पुस्तक केले होते. मुलाने चित्र काढायचे, सांगायचे, आणि आईंनी खाली लिहायचे. तो म्हणाला होता, "बाबांनी म्हावरं आणलं." आईंनी लिहिले, "बाबांनी मासे आणले." त्याने आईंना ते वाचायला लावले आणि रागावून म्हणाला, "मी असं नाही बोललो." आईंची शंका होती की चुकीची भाषा पक्की होईल का. मी त्यांना 'म्हावरं'च लिहा असे सांगितले. आपण बोललेले जसेच्या तसे कागदावर राहते आणि उद्या पुन्हा तसेच वाचता येते, हे लेखनाचे मर्म मुलाला त्या पानावर कळत असते. तेथेच शब्द बदलला तर कागदावर आपली भाषा चालत नाही एवढेच तो शिकेल. प्रमाण मराठी त्याला गोष्टी ऐकता ऐकता, शाळेत येईलच. घरची बोली तिला आडवी येत नाही.

याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डी येथे, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले. शिंपले, खडे, पाने, काड्या ही त्यांच्या बालवाडीतली साधने होती. मुलाला महागडा संच देता येत नाही म्हणून जी आई माझ्यापुढे मान खाली घालते, तिला मी हे आवर्जून सांगते.

सर्वच मुलांबाबत थांबावे असे मात्र मी म्हणणार नाही. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला बहुतांशी कळत नसेल, मागून हाक मारल्यावर ते वळत नसेल, चित्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, किंवा येत असलेली कौशल्ये हरवू लागली असतील तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवावी. या मुलाची तशी तपासणी झालेली होती आणि कान, डोळे ठीक होते.

दिवाळीनंतर तिघे पुन्हा आले. गणपतीआधी मुलगा गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, रोज शाडूचे उंदीर करत बसायचा, असे आजी म्हणाल्या. मी चिमटा दिला. तो एका हाताने उघडून त्याने माझ्या बाहीला लावला. कॅलेंडरच्या पुस्तकाला आता सोळा पाने होती. शेवटच्या पानावर बोटीचे चित्र होते आणि नाळेवर त्याने स्वतः काढलेला 'म' होता, शिरोरेषेविना आणि गाठ उजवीकडे गेलेला. "दुरुस्त करून घेऊ का?" आईंनी विचारले. या वयात अक्षरे उलटी पडतात, म्हणून मी नको म्हणाले. पुढची भेट शिमग्यानंतर ठेवली आहे. तिसरी वही अजून कोरीच आहे. ती आता त्याच्या हाताला येईल अशा फळीवर, रंगीत खडूंच्या डब्याशेजारी ठेवायचे आम्ही ठरवले.