खाणकामाने उजाड झालेल्या जमिनीत मायकोरायझा पावडर टाकली तर रोपं जगतील का? आधी काय तपासावं?

पावडर घेण्याआधी मुळं तपासा. जमीन उजाड दिसली तरी तिथे उगवलेल्या गवताच्या मुळांत मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी आणि झाडाला अन्नद्रव्यं मिळवून देणारी बुरशी, बऱ्याचदा असते. ती असेल, तर बाहेरून विकत आणणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

गवताची कोवळी, बारीक मुळं धुऊन १ सेंमीचे तुकडे करा. १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांवर, मुळं पारदर्शक होईपर्यंत ठेवा. (हातमोजे आणि गॉगल घालाच, हे द्रावण कातडी जाळतं.) नंतर चार-पाच पाण्यांनी धुवा, अल्कली राहिली तर रंग नीट चढत नाही. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५% काळी फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात ३ मिनिटं उकळा आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात २० मिनिटं ठेवून जादा रंग काढा. सगळ्याच शाया चालत नाहीत, दोन-तीन वापरून बघा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत झुडपासारखे आर्बस्क्युल किंवा फुगीर व्हेसिकल दिसले, तर मायकोरायझा आहे. नुसते तंतू दिसले आणि त्यांत ठिकठिकाणी आडवे पडदे असले, तर ती बहुधा दुसरीच बुरशी. नवखे इथेच फसतात.

मुळं रिकामी निघाली, तर जवळच्या शाबूत जागेतली वरची १५ सेंमी माती मुळांसकट थोडीशी आणा. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून ती माती निर्जंतुक वाळूत निम्मी-निम्मी मिसळून कुंडीत ज्वारी किंवा मका लावा. मोहरी नको, तिच्या मुळांत ही बुरशी बसत नाही. स्फुरदाचं खत जवळपास बंद ठेवा, जास्त झालं की झाड बुरशीला दाद देत नाही. ३-४ महिन्यांनी पाणी तोडा. कुंडी वाळली की वरचं झाड कापून टाका. मुळं बारीक करून मातीत मिसळली की विरजण तयार. लागवडीच्या वेळी ते मुळांना टेकेल असं खड्ड्यात घाला, वर भुरभुरवून उपयोग नाही.

तुलनेसाठी काही रोपांना तेच विरजण १२१ अंशांवर निर्जंतुक करून द्या. नाहीतर फरक बुरशीमुळे पडला की विरजणातल्या अन्नद्रव्यांमुळे, ते कळणार नाही.

माती दगडासारखी घट्ट किंवा फार आम्लधर्मी असेल, तर आधी ते सुधारा. पाइन किंवा ओक लावणार असाल, तर हे विरजण चालणार नाही. त्यांना एक्टोमायकोरायझा, म्हणजे पेशींच्या आत न शिरता मुळाभोवती आवरण करणारा वेगळा प्रकार लागतो. आणि पाकिटावर फक्त ट्रायकोडर्मा (ही वेगळीच बुरशी) लिहिलं असेल, तर त्यात मायकोरायझा नाही.