कर्बोदके कमी करण्यापूर्वी

आपण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेत असाल, तर ताटात बदल करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी. कारण कर्बोदके घटली आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरून हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो. (माझ्यावर ही वेळ पहिल्याच आठवड्यात आली, तीही निव्वळ उतावीळपणामुळे.) अशा वेळी 15 ग्रॅम ग्लुकोज घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. एरवी पहिल्या घासापूर्वी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर मोजून, काय व किती खाल्ले तेही शेजारी लिहावे. एकाच पदार्थाने दोघांची साखर सारखी वाढत नाही, म्हणून दुसऱ्याच्या यादीपेक्षा स्वतःची वही मला अधिक भरवशाची वाटते.