दोन लेसरनी अणू पायरी-पायरीने वर चढला, हे कळतं कशावरून?

तुम्ही विचारलंय, अणू दिसत नाही, मग पहिल्या लेसरने तो मधल्या ऊर्जा-पातळीवर आणि दुसऱ्याने तिथून वर गेला हे ठरवतात कसं? खाली येताना तो जो प्रकाश टाकतो, त्यावरून.

मी सांगलीत बीएस्सीला फिजिक्स शिकवते. वर्गात सुरुवात हळदीपासून करते, आमच्याकडे ती घरोघरी असतेच. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळ बसू द्यायचा आणि बाटलीवर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरायचा. बाटली हिरवट-पिवळी उजळते. हा फ्लुओरेसन्स. आत गेलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणारा कमी ऊर्जेचा.

रुबिडियम या धातूच्या वाफेत उलटं दिसतं, बाहेर पडणारा प्रकाश जास्त ऊर्जेचा, आणि मला ते फार आवडतं. एक लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसरा ७७६चा, दोन्ही डोळ्याला जेमतेम जाणवणारे लाल. पहिला अणूला ५एसवरून ५पीवर नेतो (५एस, ५पी, ५डी, ६पी ही अणूच्या ऊर्जा-पातळ्यांची नावं). तिथे तो सरासरी २६ नॅनोसेकंद टिकतो. तेवढ्यात दुसऱ्याने ५डीवर उचललं तर उचललं. त्यातले काही अणू ६पीमार्गे उतरतात आणि ४२० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात.

हा निळा दोन्हींपैकी एकाही लेसरमध्ये नाही. फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाशही मोजणारं उपकरण, त्याच्यापुढे निळा फिल्टर लावला की लेसरचा इकडेतिकडे उडालेला प्रकाश अडतो. मोजले जातात ते दोन्ही पायऱ्या चढून आलेले अणू. कार्ड आडवं धरून कुठलाही एक लेसर अडवा, निळा विझतो.

लॅबमध्ये असताना मला दोन रात्री निळा सापडला नव्हता. मी ७७६वाल्याचीच वारंवारता हलवत बसले आणि खोट ७८०वाल्यात होती, त्याची वारंवारता सरकली होती. म्हणून आधी पहिल्या पायरीचाच फ्लुओरेसन्स इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बघा. वाफेच्या नळीत उजळ रेघ दिसली की लेसर त्याच वारंवारतेवर लॉक करा, म्हणजे स्थिर ठेवा, मग दुसऱ्याची वारंवारता सावकाश फिरवा. तिसऱ्या रात्री अंधारात काचेच्या नळीत सुईएवढी निळी रेघ उमटली. गॉगल मात्र काढू नका, हे लेसर डोळ्याला दिसतात त्याहून कितीतरी प्रखर असतात.

पुढे निळ्याची तीव्रता दुसऱ्या लेसरच्या वारंवारतेसमोर मांडली की ५डीच्या आतल्या बारीक पातळ्या वेगवेगळ्या शिखरांत दिसतात. त्यासाठी लेसर समोरासमोरून सोडतात: तरंगलांब्या जवळपास सारख्या, त्यामुळे अणूंच्या धावण्याने येणारा डॉप्लर फरक बराचसा मिटतो. लेसर झटकन बंद करून निळा किती वेळात मावळतो हे मोजलं तर ५डीचं आयुष्य, म्हणजे अणू तिथे सरासरी किती वेळ टिकतो ते, काढता येतं, पण त्यात ६पीचंही मिसळलेलं असतं, ते वेगळं करावं लागतं.